गावात विमानतळ आलाय? मग त्यात आपला पैसा किती चाललाय ते असं शोधा

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला विमानाचा फोटो असतो, पालकमंत्र्यांपासून नगरसेवकापर्यंत सगळे श्रेय घेऊन मोकळे होतात, आणि मग कोणी साधं विचारलं की बाबा ह्यात आपल्या राज्याचे, एमआयडीसीचे, महापालिकेचे मिळून किती गेले आणि अजून दरवर्षी किती जाणार, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. विमानतळाचं काम लग्नासारखं आहे, मांडवाचा खर्च सगळे मोजतात, संसाराचा कोणी धरत नाही. तो संसाराचा खर्च कसा शोधायचा ते खाली सांगतो. वकील लागत नाही, सीए लागत नाही, थोडा वेळ आणि बराच चिवटपणा लागतो.

पहिली गोष्ट, मालक कोण ते बघा. ह्याशिवाय पुढचं सगळं चुकीच्या दारात जातं. कोल्हापूर, सोलापूर, जळगाव हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, म्हणजे केंद्राकडे आहेत. शिर्डी आणि अमरावतीचा बेलोरा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, तिला सगळे एमएडीसी म्हणतात, ती राज्याची कंपनी. सिंधुदुर्गचा चिपी एमआयडीसीने खासगी कंपनीकडून बांधून घेतलाय आणि चालवायलाही तिलाच दिला. लातूर, नांदेड, बारामती ही मुळात एमआयडीसीची लाइन, तिकडे लीजचा वेगळाच इतिहास आहे. मालक केंद्र असला तरी राज्याचा खर्च शून्य असतो असं अजिबात नाही हां, जमीन राज्यानेच द्यायची असते, आणि भूसंपादनाचा आकडा बहुतेक वेळा टर्मिनलच्या आकड्यात दाखवलेलाच नसतो. पेपरात ‘इतक्या कोटींचा विमानतळ’ असं येतं ते बांधकामाचं असतं, जमिनीचे पैसे धरलेत का ते आधी विचारा.

आता कागद. राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या वेबसाइटवर जा, विभाग निवडताना लोक नगरविकास किंवा परिवहन टाकतात आणि काही सापडलं नाही म्हणून सोडून देतात, विमानाचा विषय आहे सामान्य प्रशासन विभागाकडे, तिथे विमानचालन असा भाग आहे. गावाचं नाव टाकून सर्च करा, ‘विमानतळ’ आणि ‘धावपट्टी’ दोन्ही शब्द टाकून बघा. जीआर उघडला की वरची दोन पानं संदर्भ आणि प्रस्तावनेची असतात ती भराभरा खाली ढकला, ‘लेखाशीर्ष’ शब्द शोधा, त्याच्या आसपासच खर्च कशातून टाकायचा ते लिहिलेलं असतं. तिथे भांडवली की महसुली ते बघून ठेवा. भांडवली म्हणजे एकदाच, धावपट्टी, कंपाउंड, टर्मिनल वगैरे. महसुली म्हणजे दरवर्षीचं. खरी गंमत दुसऱ्यात आहे.

जिल्हा नियोजन समितीचा, म्हणजे डीपीडीसीचा पैसा वेगळा शोधावा लागतो. विमानतळाकडे जाणारा रस्ता, पाण्याची लाइन, स्ट्रीटलाइट असली कामं कधी डीपीडीसीतून, कधी पीडब्ल्यूडीच्या, कधी महापालिकेच्या बजेटमधून होतात आणि त्यांच्या नावात ‘विमानतळ’ शब्द असेलच असं नाही, ‘अमुक फाटा ते तमुक रस्ता रुंदीकरण’ एवढंच असतं. म्हणून नकाशा समोर ठेवून रस्त्यांची नावं लिहून घ्या आणि मग यादी वाचा.

महापालिकेचा अजून एक खर्च असतो जो कोणाच्याच डोक्यात येत नाही, विमानाच्या वाटेतले अडथळे हटवणं. सोलापूरकरांना हे सांगायला नको, सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या कोजनरेशनच्या, म्हणजे वीजनिर्मितीच्या चिमणीवरून किती वर्षं वाद चालला आणि शेवटी महापालिकेने १५ जून २०२३ ला ती पाडली. चिमणी बरोबर होती का विमानतळ, ह्यात मी पडत नाही, पण पाडकाम, बंदोबस्त, कोर्टकचेरी ह्याचा पैसा कुठल्या हेडला गेला हा प्रश्न रास्तच आहे. तसंच कचरा डेपोचं. विमानतळापासून १० किमीच्या आत उघड्यावर कचरा आणि कत्तलीला नियमाने बंदी आहे कारण पक्षी येतात, आणि छोट्या शहरांचा डेपो नेमका त्याच पट्ट्यात असतो. तो हलवायचा तर खर्च महापालिकेचा.

आता मुख्य मुद्दा, व्हीजीएफ. म्हणजे व्हायाबिलिटी गॅप फंडिंग. उडान, म्हणजे केंद्राची प्रादेशिक हवाई जोडणी योजना, २०१६ ला जाहीर झाली, पहिली फ्लाइट २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली. त्यात विमानातल्या साधारण अर्ध्या सीट ठरलेल्या कमी भाड्यात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या फ्लाइटला २५०० रुपये कॅप होती, आणि कंपनीचा जो तोटा पडेल तो सरकारने भरायचा, केंद्राकडून ८० टक्के आणि राज्याकडून २० टक्के, तीन वर्षं. केंद्राचा वाटा मुख्यतः मोठ्या मार्गांवरच्या फ्लाइट्सवर लावलेल्या लेव्हीतून येतो, म्हणजे मुंबई-दिल्लीचं तिकीट काढणाऱ्याकडून. शिवाय राज्याने विमानाच्या इंधनावरचा व्हॅट १ टक्का किंवा कमी ठेवायचा, पोलिस आणि फायरची सोय फुकट द्यायची, वीज-पाणी सवलतीत. ह्यातला व्हॅट हा खर्च म्हणून कुठेच दिसत नाही कारण तो आलाच नाही, पण पैसा तो पैसाच.

स्वतः गणित करून बघा, अंदाज येतो. समजा ७० सीटचं एटीआर विमान आहे, ३५ सीटवर व्हीजीएफ, आणि समजा सीटमागे ३००० रुपये. एका फेरीचे १,०५,०००, जाऊन-येऊन २,१०,०००. आठवड्याला पाच दिवस म्हणजे वर्षाला २६० दिवस, झाले ५ कोटी ४६ लाख, त्यात राज्याचा २० टक्के हिस्सा १ कोटी ९ लाखांच्या आसपास. हे आकडे मी धरलेत, खरा सीटमागचा दर तुमच्या मार्गाचा वेगळा असेल, तो काढून इथे टाका. मग विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला विमानतळनिहाय प्रवासी संख्या वेबसाइटवर टाकतं ती घ्या, आणि सरकारने वर्षात दिलेल्या एकूण रकमेला प्रवाशांनी भागा. माणशी किती पडतं ते कळेल. हा एकच आकडा घेऊन मीटिंगला गेलात तरी पुष्कळ झालं.

व्हीजीएफची तीन वर्षं संपतात ती तारीख कॅलेंडरला लावून ठेवा, कारण सगळं तिथेच फसतं. चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं, स्टेजवर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकमेकांना काय बोलले ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, आणि तीन वर्षं होताच ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईची फ्लाइट बंद. तोवर गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झालेला, जानेवारी २०२३ पासून, आणि बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपाच सोयीचा, फ्लाइट जास्त. म्हणून आपल्या विमानतळाचा विचार करताना शेजारचा विमानतळ आणि रेल्वे दोन्ही बघा. सोलापूरला फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत आहे, म्हणजे विमानाला स्पर्धा आधीपासूनच उभी आहे. तिथे २०२५ ला राज्य सरकारने सोलापूर-पुणे-मुंबई मार्गाला स्वतःच्या तिजोरीतून व्हीजीएफ द्यायचं ठरवलं, हे चांगलं की वाईट ते प्रवासी किती येतात त्यावर ठरेल, पण ही रक्कम केंद्राच्या उडानमध्ये शोधलीत तर सापडणार नाही, राज्याच्या जीआरमध्येच बघा.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात आहे, उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, जे ३७१ सुरू झाले त्यातले ११२ च पूर्ण तीन वर्षं चालले, आणि त्यानंतरही मार्च २०२३ ला टिकून होते फक्त ५४. तो अहवाल कॅगच्या वेबसाइटवर आहे, कोणी ‘विकासाला विरोध करता का’ म्हणालं तर हे पान पुढे करा.

फ्लाइट बंद पडली तरी खर्च बंद पडत नाही, हे लोकांना पटत नाही. लायसन्स ठेवायचं तर क्रॅश फायर टेंडर म्हणजे विमानतळाची आग विझवायची गाडी तयार, त्यावरची माणसं शिफ्टमध्ये, फोमचा साठा, धावपट्टीचे लाइट, गवत कापणं, सगळं चालू ठेवावं लागतं. दिवसाला एक विमान येऊन पाऊण तासात परत जाणार आणि त्याच्यासाठी ही सगळी फौज बसून. चूक त्या माणसांची नाही, नियमच तसा आहे आणि असायलाच हवा, फक्त प्रकल्पाच्या प्रेझेंटेशनमध्ये ही ओळ नसते.

जे वेबसाइटवर नाही ते माहिती अधिकारात मागा. एमएडीसी, एमआयडीसी, मंत्रालय, महापालिका असेल तर राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर किंवा साध्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्राधिकरण असेल तर केंद्राच्या पोर्टलवर. राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे रस्ता, जमीन, व्हीजीएफ सगळं एकात कोंबू नका, तीन अर्ज करा. ‘का’ विचारू नका, माहिती अधिकारात कारणं मिळत नाहीत, कागद मिळतात. असं लिहा:

‘१ एप्रिल २०२२ पासून अर्जाच्या दिनांकापर्यंत अमुक विमानतळावरील प्रादेशिक हवाई जोडणी योजनेच्या मार्गांसाठी राज्य शासनाच्या हिश्श्यापोटी अदा केलेली रक्कम, मार्गनिहाय व वर्षनिहाय, तसेच संबंधित मंजुरी आदेशांच्या छायांकित प्रती.’

बस, एवढंच. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. बऱ्याचदा एका ओळीचं येतं, ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’. तिथे थांबू नका, कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज त्यांनीच पाच दिवसांत योग्य ऑफिसला पाठवायचा असतो, तेवढं लिहून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील टाका. सुरक्षेचं कारण सांगून नाकारलं तर अपिलात लिहा की मी गेट कुठे आणि गार्ड किती हे विचारलेलं नाही, दिलेली रक्कम विचारली आहे. खासगी कंपनी चालवत असेल तर कंपनीला विचारून उपयोग नाही, तिच्याशी करार ज्या सरकारी संस्थेने केला तिच्याकडे कराराची प्रत मागा, आणि प्रत नाकारली तर निदान फाइल बघायला मागा, पहिला तास फुकट असतो. करार हातात आला की आधी हे बघा: कंपनीने दरवर्षी काय द्यायचं, फ्लाइट नसतील तर काय, आणि करार मोडला तर जमीन कधी परत.

ह्या सगळ्यात सहा महिने जाऊ शकतात. त्यापेक्षा फास्ट रस्ता एकच, आपल्या आमदाराला, शक्यतो विरोधी बाकावरच्या, वरचीच वाक्यं लिहून द्या आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, कारण तारांकित प्रश्नाला आगाऊ मुदत लागते. प्रश्न लागला तर मंत्र्याचं उत्तर छापील येतं, आणि पुढच्या अर्जाला तेच जोडता येतं.