पिकअपची केबिन आणि माळ्यावरचं सामान

मी जुन्नर तालुक्यातला. सेकंडहँड बोलेरो पिकअप घेऊन सहा वर्षं झाली. नारायणगावला टोमॅटो भरायचा आणि आळेफाटा, माळशेज, कल्याण करत पहाटेच्या आत वाशी गाठायची, हा धंदा. गाडी घेतली तेव्हा सीटचं रेक्झीन फाटून स्पंज बाहेर आलेला, दरवाज्याचा कप्पा गायब, गिअरची मूठ तडकलेली. कुशनवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी घरी आलो, शिडी लावून माळ्यावर चढलो आणि घरातल्या जुन्या सामानातूनच केबिन नीट केली. आता भाडं नसेल त्या दिवशी इतर ड्रायव्हरांच्या केबिनही करून देतो. या कामात नवीन पडणारी पोरं फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात सीटपासून करा. रेक्झीन मे महिन्यात पाठीला चिकटतं, गोधडी घाम पिते आणि धुताही येते. मी आईची जुनी, नऊवारीच्या पदरांची गोधडी घेतली, मापानं कापली आणि संध्याकाळपर्यंत तिचे सगळे टाके उसवत गेले. आई म्हणाली, "अरे, आधी कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांनी मशीन मारून घ्यायची, मग कात्री लावायची." एक गोधडी गेली, पण धडा मिळाला. खालून बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि सीटखाली ताणून आकड्यात अडकवा. साधं इलॅस्टिक लवकर सैल पडतं. सीटबेल्टचं बक्कल मात्र गोधडीखाली जाता कामा नये, तेवढी खाच आधी ठेवा.

दरवाज्याच्या कप्प्यासाठी मार्केटात फेकलेलं फुटकं क्रेट बरं. वीस किलो टोमॅटोचं वजन सोसलेलं प्लॅस्टिक, त्याला पाण्याची बाटली आणि बिल्टी-पावत्यांचं काय ओझं! हॅक्सॉ ब्लेडनं एक बाजू कापून घ्या. कापलेली कड हाताला बोचते, तिच्यावर सोळा एमएमची ठिबकची जुनी नळी उभी चिरून चढवा. बांधाबांधावर अशा नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात. रबराच्या महागड्या बीडिंगपेक्षा ती मला जास्त आवडते, काळी असल्यानं दिसतेही कंपनीची.

इथंच मी एक घोळ घातला होता. काच वर असताना दरवाज्याला भोकं पाडली, लांब स्क्रू पिळले, कप्पा झकास बसला. घाटात गार वारा यावा म्हणून काच खाली केली तर अर्ध्यात अडकली. आतला स्क्रू काचेच्या वाटेत आला होता. सकाळपर्यंत तशीच अर्धी काच, आणि वरून पाऊस. तेव्हापासून मी आधी पॅनल खोलून काच, तिची पट्टी आणि वायर कुठून जातात ते बघतो, ड्रिलच्या बिटला हव्या तेवढ्या खोलीवर टेप गुंडाळतो आणि आखूड स्क्रूच वापरतो.

आता गिअरची मूठ. लोक माझ्या गाडीत बसले की आधी तिच्यावरच हात ठेवतात. आमच्या घरी सागाचा पाळणा होता, कातलेल्या लट्टूंचा, लाखेचा लाल-पिवळा रंग दिलेला. पाळणा मोडला तरी आजीनं लट्टू चुंबळीच्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. त्यातला एक मी मागून घेतला, खालून भोक पाडलं आणि गिअरच्या दांड्याच्या आट्यांवर तसाच पिळून बसवला. हिवाळाभर काही झालं नाही. एप्रिलमध्ये लाकूड सुकलं. माळशेज उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गेलो आणि लट्टू हातात! दांडा उघडा, मागे भरलेला हौदा. उघड्या दांड्यालाच धरून गिअर टाकला, पण तळहात सोलला आणि पुढच्या वळणापर्यंत छातीत धडधडत होतं. लाकडात आटे टिकत नाहीत. जुनी तडकलेली मूठ फोडून तिच्यातला नट काढायचा, लाकडात त्याच मापाची खाच कोरायची आणि नट ॲराल्डाइटनं बसवून रात्रभर सुकू द्यायचा. असा बसवलेला तोच लट्टू आज चौथ्या वर्षी हलत नाही. त्याची लाख मात्र माझ्या अंगठ्याच्या जागी उडाली आहे.

कुठलीही वस्तू बसवून झाली की गाडी रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगानं न्यायची आणि करकचून ब्रेक मारायचा. जे जागचं हललं ते काढून टाकायचं. डॅशबोर्डवरची पितळी घंटा, देवाची जड मूर्ती, स्टीलचा डबा यांच्यावरून माझं गिऱ्हाइकांशी भांडण होतं. क्लच-ब्रेकच्या पायापाशी तर चटईचा कोपराही सुटा नको.

लाइटचं काम शिकल्याशिवाय हात लावू नका. बारा व्होल्टवर चोवीस वॉटची एलईडी पट्टी दोन अँपिअर घेते, म्हणजे करंट थोडाच. पण वायर पत्र्याच्या धारेवर घासून शॉर्ट झाली की बॅटरी सगळा जोर तिथं लावते. फ्यूज बॅटरीच्या जवळ, तीन अँपिअरचा. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी रिंग, आणि पुढे तीच ठिबकची नळी.

आरटीओचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. सीटकव्हर, कप्पे एवढ्यावरून मला कोणी अडवलेलं नाही. सीट काढून बाक बसवून दे, मागे लोखंडी मंच कर, असं कोणी म्हणालं की मी सरळ नाही म्हणतो. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असतं, तिथं गिऱ्हाईक अडकलं तर शिव्या आपल्यालाच.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या केबिनचे मी आठशे रुपये घेतले आणि अडीच दिवस घालवले, म्हणजे मजुरीही सुटली नाही. आता वस्तू गिऱ्हाइकानं घरून आणायची, मी फक्त कामाचे दिवस मोजतो. ग्राइंडर, ड्रिल, रिबीट गन आणि आईची शिलाई मशीन, एवढंच भांडवल. भंगारवाल्याकडून विकत घेऊन लावलेलं लोकांना फारसं भावत नाही. स्वतःच्या घरातलं काही लागलं की तेच चार जणांना बोलावून दाखवतात.

सध्या ओतूरच्या एका पोराचं काम हातात आहे. त्यानं आत्याच्या शिलाई मशीनचा लाकडी खण आणलाय, कुलूप अजून चालतं. गाडीची कागदपत्रं ठेवायला डॅशबोर्डखाली बसव म्हणतो. कागद मावतात, पण पोरगा सहा फुटी आहे आणि ब्रेक दाबताना त्याचा गुडघा खणाच्या मुठीला लागेल असं मला वाटतंय. उद्या त्यालाच सीटवर बसवून माप घेणार आहे.