थंड हवेतील शार्डोने चाखताना
थंड प्रदेशात द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांची आम्लता टिकून राहते. म्हणून फ्रान्समधील शाब्लीसारख्या भागातील शार्डोने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची पांढरी वाइन, चाखताना आधी तिच्या आंबटपणाकडे लक्ष द्यावे. बाटली १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंतच थंड करावी, कारण फार गार वाइनचा गंध दबून जातो. पेला एक तृतीयांश भरून हलकेच फिरवावा आणि हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा, क्वचित ओल्या दगडासारखा वास येतो का, ते पाहावे. घोट लगेच गिळू नये. तो जिभेवर घोळवल्यावर गालांच्या आतून लाळ सुटते, ती आम्लतेची खूण. लोण्याचा वास आला, तर सफरचंदात असते त्या तीव्र मॅलिक आम्लाचे, दह्यात असते तशा सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर झाले असावे. व्हॅनिलाचा गंध मात्र बहुधा वाइन ज्यात मुरवली त्या ओक लाकडाच्या नव्या पिंपाचा असतो आणि तो फळावर मात करू लागला, तर मला ती वाइन फसलेली वाटते.