आहे त्या गाडीने ऑटोक्रॉस

‘ऑटोक्रॉसला गाडी कुठली घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी त्याच्याच गाडीकडे बोट दाखवते. ती सुरू होते, सरळ थांबते आणि तिच्याखाली तेलाचं डबकं साचत नाही? मग झालं. माझी साधी हॅचबॅक आहे. एरवी तिच्या मागच्या सीटवर लेकीची सीट बांधलेली असते आणि फटींमध्ये बिस्किटांचा चुरा असतो.

खेळ सोपा आहे. मोकळ्या डांबरी पटांगणात नारिंगी कोन लावून वळणावळणाचा मार्ग आखतात. मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडतात आणि तिची लढत घड्याळाशी. फेरी साधारण मिनिटभराची असते आणि साधी गाडी बहुतेक वेळ सेकंड गिअरमध्येच राहते. कोन पाडला की वेळेत दंड मिळवतात. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत एका कोनाला २ सेकंद. कोनाच्या चुकीच्या बाजूने गेलात तर फेरीच बाद. नाव नोंदवण्याआधी एक मात्र विचारून घ्या: डांबर की माती? ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हणजे गवतावरची किंवा मातीवरची शर्यत, तर जपानमध्ये डांबरावरच्या अशाच खेळाला जिमखाना म्हणतात. मातीवरच्या शर्यतीची तयारी वेगळी असते. पुढचं सगळं डांबराबद्दल आहे.

दोन गोष्टी घरबसल्याच उरकून घ्या. विम्याच्या पॉलिसीचे कागद काढून शर्यत आणि वेगाच्या चाचण्यांबद्दलचं कलम वाचा. बहुतेक पॉलिसी असलं नुकसान भरून देत नाहीत, आणि ‘ही काही खरी रेस नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. गाडी उंच आणि अरुंद असेल तर आयोजकांना आधी फोन करा. उलटण्याच्या भीतीने अशा गाड्या बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गाडीची तपासणी आदल्या आठवड्यात करा, आदल्या रात्री नको. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी हात ठेवून. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय, आधी गॅरेज. बॅटरी हाताने हलता कामा नये. अॅक्सिलरेटर सोडल्यावर पेडल झटकन वर यायला हवं. चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आवळा. पान्यावर उभं राहून आवळणं ही पद्धत नव्हे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ ला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या एका नेहमीच्या प्रकाराला, किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळी येऊ नये असं मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हाच आकडा १५५ वर येतो. मिनिटभराच्या फेरीत सहसा तेवढं तापत नाही, पण दोन वर्षं बदललं नसेल तर या निमित्ताने बदला. ते एरवीही बदलायलाच हवं होतं.

सकाळी गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, छत्री, डिकीतलं सामान, पायाखालची मॅट, दारातली नाणी, सगळं बाहेर. सीटखाली हात घालून नीट चाचपा. तिथे एखादी पाण्याची बाटली असतेच, आणि पहिल्याच जोरदार ब्रेकला ती घरंगळत पेडलखाली येते. फेऱ्यांआधी गाड्या तपासणारे तपासनीसही आधी तिथेच डोकावतात.

हेल्मेटच्या आत, अस्तराखाली, मानकाचं स्टिकर असतं. स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) एसए म्हणजे मोटारशर्यतीचं किंवा एम म्हणजे दुचाकीचं, असं काही लिहिलेलं असतं आणि पुढे वर्ष. कुठलं मानक आणि किती जुनं चालेल ते आधी विचारा. दुचाकीचं हेल्मेट सगळीकडे चालतंच असं नाही. बऱ्याच ठिकाणी उसनं मिळतं, त्यामुळे पहिल्या वेळी विकत घेऊ नका.

आता टायर. नवखे याच बाबतीत सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि सगळ्यात कमी लक्ष देतात. रोजच्या टायरची कड मऊ असते. जोरात वळलं की टायर दुमडतो आणि गाडी नक्षीऐवजी बाजूच्या भिंतीवर चालायला लागते. म्हणून दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबापेक्षा पुढच्या चाकांत ३-४ पीएसआय जास्त हवा भरून सुरुवात करा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. मग खडू घ्या आणि टायरच्या कडेवर, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा ओढा. पुष्कळ टायरांच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. फेरी झाली की वाकून बघा: खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर आहे. त्याच्याही खाली पुसला गेला तर अजून भरा. टोकापर्यंत पोचलाच नसेल तर एखाद-दुसरा पीएसआय सोडा. टायर तापला की दाब आपोआप चढतो, म्हणून हे दर फेरीनंतर बघायचं. घरी निघताना हवा परत मूळ दाबावर आणा, विसरू नका.

चिकट, शर्यतीचे टायर पहिल्या वर्षी नकोतच. साधा टायर सुटण्याआधी किंचाळतो, कुरकुरतो, पुरेशी सूचना देतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि एकदम सोडतो.

मार्ग पायी फिरायला वेळ देतात. अर्धे लोक तेव्हा गप्पा मारत चालतात, त्यांना चालू द्या. तुम्ही एकटे फिरा. पहिल्या चकरेत फक्त वळणं कुठे जातात ते बघा. आडवा ठेवलेला कोन म्हणजे बाण. तो उभ्या कोनाची कुठली बाजू धरायची ते सांगतो. दुसऱ्या चकरेत जागोजागी उकिडवे बसा. उभं राहून सगळं मोकळं दिसतं, पण ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून सगळे कोन एकमेकांत मिसळतात आणि वाट गायब होते. कुठे हरवणार आहात ते तिथेच कळतं. स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीने लावलेल्या कोनांमधून नागमोडी जायच्या भागात, बाहेरचे कोन विसरा, ज्यांना खेटून जायचंय तेवढेच मोजा. आणि कोन बाजूला आल्यावर वळायला गेलात तर उशीर झालेला असतो; तोवर स्टिअरिंग उलट फिरायला लागलेलं हवं.

गाडीत बसल्यावर हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. सीट एखादी खाच मागे घ्या, पट्टा झटक्याने ओढून अडकवा, मग सीट पुढे आणा. पट्टा आवळून बसतो आणि तुम्ही दाराला लोंबकळत नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर दुसरा गिअर धरून ठेवा. सुटताना चाकं फिरवून धूर काढायची गरज नाही. घड्याळ बऱ्याचदा काही मीटर पुढे गेल्यावर सुरू होतं आणि क्लच तुमच्याच पैशाचा असतो.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार: सगळा ब्रेकवर उधळला तर वळणाला शिल्लक काय राहणार? म्हणून ब्रेक सरळ रेषेत आणि ठामपणे. एबीएस पायाखाली थडथडला तर दचकू नका, तो त्याचं काम करतोय. मग ब्रेक सोडत सोडत वळा. पुढची चाकं घासत गाडी सरळच जायला लागली तर माणूस हटकून स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि ती आणखीच सरळ जाते. तेव्हा पाय हलका करा, स्टिअरिंग किंचित सोडा. पकड परत आली की गाडी ऐकते. आणि नजर समोरच्या कोनावर नको, त्याच्या पुढच्यावर हवी. कोनाकडे टक लावून बघाल तर त्यालाच उडवाल.

फेरी संपल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नका, ब्रेकचे तापलेले पॅड डिस्कला चिकटून राहतात. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला अडथळा लावा. जुन्या खेळाडूला तुमच्या शेजारी बसायची विनंती करा. सहसा कुणी नाही म्हणत नाही. तुम्हीही परवानगी असेल तर त्याच्या गाडीत एक फेरी बसून या. कुठे ब्रेक लागतो आणि मुख्य म्हणजे कुठे लागत नाही, हे ऐकून समजत नाही.

अर्धा दिवस तुम्हाला मार्गावर उभं राहून कोन उचलायचे असतात. ही वेठ समजू नका. प्रत्येक कोनाभोवती खडूची चौकट आखलेली असते. उभा कोन हलला तरी त्याचा पाया चौकटीला कुठेतरी टेकलेला असेल तर दंड नाही. पडला किंवा पूर्ण बाहेर गेला की दंड. धावत जा, जागेवर ठेवा, धावत परत या, आणि धावत्या गाडीकडे कधीही पाठ करू नका. लाल झेंडा दिसला की चालक जिथे असेल तिथेच थांबतो, यात घासाघीस नाही. एकाच वळणावर उभं राहून वेगवेगळ्या गाड्या बघताना लक्षात येतं की वेगवान माणसाच्या गाडीचा आवाज सगळ्यात कमी असतो.

पहिल्या दिवशी तुम्ही बहुधा तळाला असाल. मग रात्री बसून सस्पेन्शन, एक्झॉस्ट, रुंद चाकं शोधली जातात. खरेदीची घाई करू नका. शिवाय असा एखादा भाग गाडीला वरच्या गटात ढकलतो, जिथे सगळेच पट्टीचे असतात. अलाइनमेंट तपासून घ्या, पॅड पातळ झाले असतील तर बदला, आणि उरलेले पैसे पुढच्या दोन-तीन नोंदण्यांवर घाला. टायर तोवर कडेने झिजतीलच. तेव्हा त्याच मापाचे, थोडे बऱ्या पकडीचे घ्या.