मेनू दिसतो, चित्र काळं? केबल घ्यायला धावण्याआधी या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी हातात गुंडाळलेली एचडीएमआय केबल (पडद्याला चित्र-आवाज नेणारी) घेऊन येतो आणि म्हणतो, "ही खराब झाली, चांगल्यातली द्या." मी विचारतो, "डेस्कटॉप दिसतो का?" दिसतो. "माऊस हलतो?" हलतो. "मग काय दिसत नाही?" तर फक्त पिक्चर लावला की पडदा काळा. अहो, ज्या केबलमधून डेस्कटॉप स्वच्छ येतो, तिच्यातून पिक्चर का येणार नाही? केबलला काय कळतं तुम्ही काय बघताय ते!

कळतं ते दोन्ही टोकांच्या यंत्रांना. एचडीसीपी नावाची ही कॉपी-संरक्षणाची पद्धत इंटेलने बनवली. संरक्षित चित्र पाठवण्याआधी प्लेअर पलीकडच्या पडद्याकडे ओळख मागतो. ओळख पटली तर चित्र कुलूपबंद होऊन जातं, नाही पटली तर पडदा काळा, किंवा चित्र कमी दर्जाचं. यातली खरी गोम ही की मधे जेवढी यंत्रं असतील, स्प्लिटर (एक चित्र दोन पडद्यांना वाटणारी डबी), अ‍ॅम्प्लिफायर, डॉक (लॅपटॉपला जास्तीची तोंडं देणारी डबी), त्या प्रत्येकाची ओळख पटावी लागते.

हे मला माहीत होतं, तरी मी फसलो. १९ नोव्हेंबर २०२३, वर्ल्डकपची फायनल. मार्दोळच्या बाजूच्या एका देवळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावलेला, बाहेर खुर्च्या, आत स्वयंपाकघरात खतखत्याची तयारी. दुपारी फोन आला, "दादा, चित्र येना." गेलो. सेटटॉप बॉक्समधून स्प्लिटर, स्प्लिटरमधून पंधरा मीटरची केबल प्रोजेक्टरला. बॉक्सचा मेनू पडद्यावर ठणठणीत, चॅनेल लावला की काळोख. आवाज मात्र लाल-पांढऱ्या वायरीने वेगळा अ‍ॅम्प्लिफायरला गेलेला, म्हणून कॉमेंट्री जोरात चालू.

मी काय केलं? केबल लांब आहे म्हणून तिच्यावर ठपका ठेवला. स्कूटर काढून दुकानात गेलो, नवी केबल आणली, खुर्च्यांच्या मधून पुन्हा पसरली. परत काळं. भारताचा अख्खा डाव लोकांनी आकाशवाणीसारखा ऐकला. शेवटी आतून एक काकी मिक्सर ठेवायला ओटा मोकळा करत होत्या. तिथे कोणीतरी बायकांनाही मॅच दिसावी म्हणून जुना कॉम्प्युटर मॉनिटर ठेवला होता, डीव्हीआय या जुन्या पद्धतीच्या तोंडाचा, स्प्लिटरच्या दुसऱ्या तोंडाला जोडलेला. मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. काकींनी वायर उपटली आणि इकडे प्रोजेक्टरवर मैदान हिरवंगार! त्या मॉनिटरला एचडीसीपी नव्हतंच. एकाची ओळख पटेना, म्हणून स्प्लिटरने दोघांचंही चित्र अडवलं. तोपर्यंत २४० धावा करून आपण आटोपलो होतो आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडची बॅट सुरू झाली होती. तासाभराने मागून एक आजोबा म्हणाले, "बाब, तें काळेंच बरें आशिल्लें."

मेनू दिसत होता म्हणजे केबल बहुधा धडधाकट होती. हा पुरावा डोळ्यांसमोर असून मी स्कूटरवर बसलो. तेव्हापासून माझी सवय अशी: मधलं सगळं काढायचं. स्प्लिटर नको, अ‍ॅडॅप्टर नको, दीड मीटरची खात्रीची केबल (माझ्या बॅगेत एक कायम असते, कोणाला उसनी देत नाही), यंत्र थेट पडद्याला. चाललं, तर एकेक वस्तू परत जोडायची. जी जोडल्यावर बिघडलं, तिचाच दोष. यात दहा मिनिटं जातात. पण नव्या पोरांना ती दहा मिनिटं जड वाटतात. ते तिन्ही वस्तू एकदम बदलतात, चाललं की खूश होतात, आणि काय बिघडलं होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

कधीकधी सगळं बरोबर असूनही ओळख अडकून बसते. तेव्हा दोन्ही यंत्रांची वीज बोर्डावरून बंद करा, रिमोटवरून नव्हे. चहा पिऊन या. मग आधी पडदा सुरू करा, नंतर बॉक्स किंवा कॉम्प्युटर.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक, फोरकेची, म्हणजे जास्त बारकाईच्या चित्राची. नवा मॉनिटर घेतला, लॅपटॉपला जोडला, फोरके पिक्चर काही फोरकेत चालेना. त्यासाठी साखळीत सगळीकडे एचडीसीपीची २.२ ही आवृत्ती लागते. काही मॉनिटरांवर ती सगळ्या एचडीएमआय तोंडांना नसते, एखाद्यालाच असते. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका थर्माकोलबरोबर भंगारात गेलेली असते. आणि शेजारी जुना दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर काही सेवा त्याच्यापायी नव्यावरही फोरके देत नाहीत. विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणं दाबून एकच पडदा ठेवा आणि मग बघा.

माऊस ओढला की अडखळल्यासारखा वाटतो? पडदा ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर, असेल. एचडीएमआयची १.४ आवृत्ती फोरके ३० हर्ट्झपर्यंतच नेते. ६० साठी २.० लागतं. बऱ्याच मॉनिटरांच्या मेनूत ते वेगळं चालू करावं लागतं.

केबलच्या पाकिटावर '२.१, ८के' असं मोठ्याने छापलेलं असतं, त्याला भुलू नका. २.१ हा आवृत्तीचा आकडा यंत्राच्या तोंडाचा असतो. केबलवर बघायचं ते 'प्रीमियम हाय स्पीड' (१८ गिगाबिट) किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' (४८ गिगाबिट). पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील, किंवा दर दोन मिनिटांनी चित्र जाऊन परत येत असेल, तेव्हा मात्र केबल बदला. तो बहुधा केबलचाच रोग.

ग्राफिक्स कार्ड घालून केबल मदरबोर्डच्या तोंडाला लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही (चित्र कार्डाच्या तोंडातून येतं).

डिस्प्लेपोर्ट या कॉम्प्युटरच्या दुसऱ्या प्रकारच्या तोंडाकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट्या दिशेने चालत नाही. व्हीजीए हे मॉनिटरचं जुनं तोंड १९८७ चं, त्यात एचडीसीपी नाहीच, म्हणून एचडीएमआय-टू-व्हीजीए डबीवर संरक्षित पिक्चर बहुधा काळाच राहणार. टाइप-सीच्या प्रत्येक भोकातून चित्र निघत नाही.

"ते एचडीसीपी काढून टाकणारा स्प्लिटर आहे का?" असं कुजबुजत विचारणारेही येतात. मी ठेवत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं, त्यात हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि हे विचारणाऱ्या दहापैकी नऊ जणांचं काम निव्वळ जुना मॉनिटर बाजूला केल्यावर होतं.

आता सोन्याचा मुलामा. त्याने चित्र उजळत नाही. पण बायण्याला समुद्राला लागून राहणाऱ्या एका गिऱ्हाइकाची केबल मी उघडली, तेव्हा टोकातल्या पट्ट्यांवर हिरवट पूड धरलेली, नखाने खरवडून निघेल अशी. खाऱ्या वाऱ्यात सोनं टिकतं, एवढं मान्य. त्यासाठी चौपट पैसे मात्र देऊ नका. दर पावसाळ्यानंतर टोकं काढून, वीज बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तरी पुरे. अत्तर किंवा सॅनिटायझर नको. चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते.

केबलच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटला बसवायला अर्थिंगची जाड पिन कापलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. अशा जागी चालू यंत्रांमध्ये केबल खुपसली की तोंडाची चिप जाऊ शकते. मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की केबलवाल्याची तार आणि एचडीएमआय दोन्ही काढून ठेवा. पहिल्या पावसानंतरच्या सोमवारी माझ्या टेबलावर सेटटॉप बॉक्सची रांग लागते, आणि त्यातल्या निम्म्यांचं एचडीएमआय तोंड परत जिवंत होत नाही.