टॉर्क कन्व्हर्टर बदलताना: शेवटचा सेंटिमीटर

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल भाग. तो बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, पण ते कसं करायचं हे इथे सांगत बसत नाही. बॅटरीची वायर काढणं, गाडी चारही स्टँडवर पक्की बसवणं, ऑइल काढून टाकणं, प्रोपेलर शाफ्ट सोडवणं यात अडखळत असाल तर कन्व्हर्टरला आत्ताच हात लावू नका. एखादा गिअरबॉक्स जाणत्या माणसासोबत उतरवून-चढवून पाहा, मग या कामाकडे वळा.

आधी निवडीबद्दल थोडं. ‘जास्त स्टॉलचा घे, गाडी उडेल’ हा सल्ला ऐकून माझे कान किटले आहेत. गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेकने चाकं रोखून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन ज्या आरपीएमवर अडतं, तो स्टॉल स्पीड. हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो, मागे कोणतं इंजिन ढकलतंय त्यावरही ठरतो. ढोबळ हिशेब असा की स्टॉल स्पीड इंजिनाच्या टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ४०० न्यूटन-मीटरच्या इंजिनावर २४०० आरपीएमला अडणारा कन्व्हर्टर ५०० न्यूटन-मीटरवर जवळजवळ २७०० पर्यंत जातो. डब्यावर छापलेला आकडा तुमच्या गाडीचा नव्हे, हे एवढ्यावरून कळावं. टर्बो किंवा ट्यूनिंगचा बेत असेल तर ते आधी उरका. कन्व्हर्टर मागवताना गाडीचं वजन, डिफरन्शिअलचा रेशो, टायरचा व्यास आणि इंजिनाचा टॉर्क कोणत्या आरपीएमला भरतो हे सगळं बनवणाऱ्याला सांगा. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत लॉकअप क्लच (कन्व्हर्टरची घसरण थांबवून इंजिन थेट जोडणारा क्लच) नसेल आणि क्रूझिंगचा आरपीएम स्टॉलच्या खाली राहत असेल, तर कन्व्हर्टर सतत घसरत राहतो. ती सगळी घसरण उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. म्हणून मोठा ऑइल कूलर त्याच वेळी बसवा. जुना कन्व्हर्टर आतून फुटला असेल तर कूलर धुऊन वापरण्याच्या फंदात पडू नका, नवाच घ्या. बारीक नळ्यांत अडकलेला चुरा धुण्याने कधीच पूर्ण निघत नाही.

गिअरबॉक्स उतरला, जुना कन्व्हर्टर अजून त्यातच आहे. इथे थांबा. बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या घंटेसारख्या भागाच्या, तोंडावर एक सरळ लोखंडी पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्ट पॅडपर्यंतची (जिथे बोल्ट लागतात त्या उंचवट्यापर्यंतची) खोली व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. घाईत सगळे जुना कन्व्हर्टर आधी ओढून काढतात आणि मग नवा कुठवर आत जायला हवा याचा काही आधारच उरत नाही. जुना-नवा शेजारी ठेवून हबच्या (गिअरबॉक्सात शिरणाऱ्या मागच्या नळीच्या) टोकापासून पॅडपर्यंतची उंची दोन्हींची मोजा. फरक असेल तर तेवढा हिशेबात धरा.

गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाचं सील नवं टाका, त्याच्या ओठाला ऑइल लावा. नव्या कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओता आणि तो हळूहळू फिरवा, म्हणजे ते आत मुरेल.

आता खरं काम. कन्व्हर्टर आत जाताना त्याला एकाच वेळी तीन ठिकाणी जुळायचं असतं: स्टेटरचे (कन्व्हर्टरच्या आत ऑइल वळवणाऱ्या चक्राचे) स्प्लाइन म्हणजे लांबट दाते, इनपुट शाफ्टचे (गिअरबॉक्सात ताकद नेणाऱ्या दांड्याचे) स्प्लाइन आणि सगळ्यात शेवटी हबच्या खाचा पंपाच्या गिअरमध्ये. पहिले दोन सहज बसतात. तिसरं बसलंय असं वाटतं, पण बसलेलं नसतं. माझा पहिला गिअरबॉक्स मी याच जागी गमावला. दोनदा ‘ठक्’ आवाज आला, कन्व्हर्टर छान घट्ट वाटला, मी खूश. गिअरबॉक्स इंजिनाला लावताना शेवटचं सहा-सात मिलिमीटर अंतर राहत होतं. शेजारी उभा असलेला म्हणाला, ‘बोल्ट आवळ, ओढला जाईल.’ मी आवळले. अंतर मिटलं. स्टार्टर मारला तेव्हा आतून सुकी फांदी मोडावी तसा एकच आवाज आला. पंपाचा आतला गिअर दोन तुकडे, सगळं पुन्हा खाली. बोल्टने अंतर ओढून मिटवायला सांगणाऱ्याला त्या दिवसापासून मी गाडीजवळ येऊ देत नाही.

माझी पद्धत अशी. शक्य असेल तर गिअरबॉक्स शेपटीवर उभा करा, बेल हाउसिंगचं तोंड वर. वजन आपोआप तुमच्या बाजूने काम करतं. उभा करता येत नसेल तर निदान तोंड वर तिरपं ठेवा. कन्व्हर्टर सरळ धरा. तिरका धरून लोंबकळू दिलात तर सीलचा ओठ कापतो आणि ते तुम्हाला आठवड्याने कळतं. मग हलका दाब देत फिरवा. एकाच दिशेने गोल गोल नको. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. बसला की हाताला एक खोल, मऊ घसरण जाणवते आणि हब एकदम आत उतरतो. हातोडा, लाथ, गुडघा यांतलं काहीही लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

‘तीन ठक् मोजा’ हे सूत्र सगळीकडे सांगितलं जातं. मी ते मानत नाही. कधी दोन टप्पे एकाच वेळी बसतात, कधी एकाच टप्प्याचे दोन आवाज येतात. फोर्डच्या जुन्या एओडी गिअरबॉक्समध्ये तर आत दोन शाफ्ट असतात, म्हणजे जुळवायची एक जागा आणखी वाढली. कानांवर विसंबू नका. पट्टी ठेवा, व्हर्निअर लावा, लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहा. मिलिमीटरभर इकडेतिकडे चालेल. एक सेंटिमीटर कमी भरला तर खाचा बसलेल्या नाहीत. पुन्हा फिरवायला लागा. एकदा मला यात चाळीस मिनिटं गेली होती. चहा पिऊन आलो आणि दुसऱ्या फेरीत बसला.

एवढ्यावर संपत नाही. जॅकवर गिअरबॉक्स उचलताना तोंड जरा खाली झुकलं की कन्व्हर्टर गुपचूप पुढे सरकतो. बेल हाउसिंगवर आडवी पट्टी बांधा, तोंड किंचित वरच ठेवा आणि इंजिनाला भिडवायच्या आधी पट्टी काढून पुन्हा एकदा मोजा. इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर असल्याची खात्री करा. कन्व्हर्टरचं पुढचं टोक क्रँकच्या भोकात शिरतं, तिथे थोडं ग्रीस.

गिअरबॉक्स हाताने ढकलून इंजिनाला पूर्ण भिडला पाहिजे, बोल्टने ओढून नव्हे. भिडल्यावर कन्व्हर्टर बोटांनी फिरवून पाहा. तो मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपासून (क्रँकला लावलेल्या, कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात त्या तबकडीपासून) साधारण तीन ते पाच मिलिमीटर मागे असायला हवा. एवढी फट घेऊनच तो पुढे ओढून बोल्ट लावायचे असतात. फट अजिबात नसेल तर तो बसलेला नाही: सगळं मागे घ्या. फट पाचपेक्षा बरीच जास्त असेल तर पॅड आणि फ्लेक्सप्लेटमध्ये मोजून वॉशर घाला, नाहीतर हबच्या खाचा पंपात पुरेशा खोल राहत नाहीत.

कन्व्हर्टरचे बोल्ट त्याच्यासोबत आलेलेच वापरा. चार मिलिमीटर जास्त लांब बोल्ट पुढच्या कव्हरला आतल्या बाजूला पोचा पाडतो. लॉकअप क्लच त्याच कव्हरवर घासतो, तो तिथेच खराब होतो. थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, टॉर्क रेंच वापरा, मॅन्युअलचा आकडा पाळा.

बाकीची जोडणी उतरवली तशी उलट क्रमाने.

ऑइल भरा, इंजिन सुरू करा आणि लगेच आणखी भरा, कारण रिकामा कन्व्हर्टर आणि कूलर पहिल्या मिनिटात बरंच पिऊन घेतात. रेज करू नका. सगळ्या गिअरमधून हळू फिरवा, लेव्हल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला बघा. गिअरबॉक्सचा कंट्रोलर इलेक्ट्रॉनिक असेल तर लॉकअप आणि शिफ्ट पॉइंट नव्या कन्व्हर्टरप्रमाणे बदलून घ्या. जुन्या सेटिंगवर लॉकअप चुकीच्या वेळी लागतो आणि लोक कन्व्हर्टरला दोष देतात.

स्टॉल टेस्ट करायचीच असेल तर पाच सेकंदांच्या वर नाही, समोर कोणी उभं नाही, आणि नंतर न्यूट्रलमध्ये दोन मिनिटं. बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना कंट्रोलर टॉर्क कापतो, तिथे हा आकडा खोटाच येतो.

पहिले काही दिवस रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवा. लाल थेंब ऑइल पॅनच्या कडेला दिसला तर गॅस्केट, सोपं काम. बेल हाउसिंगच्या तळाशी दिसला तर ते बहुधा पंपाचं सील, कन्व्हर्टर तिरका धरला तेव्हा कापलेलं. जॅक परत बाहेर काढा.