रेस अडकते तेव्हा: गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

गिऱ्हाईक गाडी स्टँडला लावतं, "रेस अडकतेय, बघा जरा" म्हणतं आणि बाजाराला निघतं. त्याला थांबवा आणि पहिला प्रश्न विचारा: सोडल्यावर मूठच मागे येत नाही, की मूठ मागे येते पण इंजिनाचा वेग उतरत नाही? गिऱ्हाईक दोन्हीला रेस अडकणंच म्हणणार. पण पहिल्या तक्रारीचं मूळ मूठ, केबल किंवा कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये, म्हणजे केबलने वर ओढल्या जाणाऱ्या सरकत्या भागात, सापडतं, आणि दुसरीचं बहुतेक वेळा हवेच्या गळतीत नाहीतर जेटमधल्या, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातल्या, कचऱ्यात. हे न विचारता पाना उचलला की सकाळ गेलीच म्हणून समजा.

आयटीआय झाल्यावर मी चिपळूणच्या एका गॅरेजात काम शिकले. प्लग, चेन, ब्रेक शू, ऑइल बदली हे तुम्हाला येतच असेल, त्यामुळे ते अगदी मुळापासून सांगत बसत नाही. रेसचं मात्र सविस्तर सांगणार आहे. बाकीच्या बऱ्याच कामांत कसर राहिली तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतं, इथे कसर राहिली तर माणूस पडतो.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. मूठ पूर्ण फिरवा आणि एकदम सोडा. साध्या पिस्टनच्या कार्बोरेटरमधून टक् असा स्वच्छ आवाज यायला हवा. आवाज नाही किंवा मूठ रेंगाळत मागे येते, तर केबल खालच्या टोकाला सोडवा आणि मूठ पुन्हा फिरवून बघा. आता तिला मागे आणायला स्प्रिंग नाही, त्यामुळे ती हाताने दोन्हीकडे अलगद फिरते का एवढंच बघायचं. जड लागली तर दोष मूठ आणि केबलमध्ये, हलकी फिरली तर खाली कार्बोरेटरमध्ये. एवढ्याने निम्मं काम होतं, आणि उगाच कार्बोरेटर उघडायची वेळ येत नाही.

मुठीत काय बघायचं? गिऱ्हाइकाने हौसेने टाकलेलं नवं ग्रिप पुढे सरकून टोकाच्या वजनाला किंवा आतल्या बाजूला स्विचच्या घराला घासतंय का. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर हँडलचं टोक वाकलंय का. घर उघडून आत चिखल, वाळू आहे का. पुसून हलकं ग्रीस लावा, थापू नका.

केबलची तार वरच्या, मुठीत अडकणाऱ्या गोळीपाशी नीट बघा. तिथे एक जरी काडी तुटून उभी राहिली असेल तर चर्चा नको, केबल बदला. ती काडी कव्हरच्या, म्हणजे तारेवरच्या बाहेरच्या नळीच्या, तोंडाशी अडकते आणि मूठ उघडी राहते. "अजून महिनाभर चालेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो गिऱ्हाईक असो की तुमचा मिस्त्री. तार धड असेल आणि नुसती कोरडी असेल तर केबल उभी टांगा, वरच्या तोंडाला प्लॅस्टिकची छोटी पिशवी चिकटपट्टीने बांधा, पातळ तेल थेंब थेंब सोडा आणि ते खालून निघेपर्यंत तार वरखाली करत राहा. ग्रीस नको, ते धूळ धरतं. काही केबलना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. कंपनीच्या पुस्तिकेत तेल घालू नका म्हटलं असेल तर नाहीच घालायचं.

गंज सोडवणारा फवारा मारून गाडी सोडून देणं हे काम नव्हे. तो फवारा जाम झालेला बोल्ट सोडवायला उत्तम आहे, पण केबलमध्ये वंगण म्हणून टिकत नाही. चार दिवस मूठ लोण्यासारखी फिरते, मग पुन्हा जड. या एका सवयीने जितकी वाईट कामं होतात तितकी दुसऱ्या कशाने होत नसतील, असं माझं ठाम मत आहे.

आता ज्या सापळ्याने मला सगळ्यात जास्त छळलं, तो. हे सावकाश वाचा.

नवी केबल टाकली. मूठ टक् करून मागे येते. प्ले बरोबर, म्हणजे तार ओढली जाण्याआधी मुठीच्या कडेवर 2 ते 6 मिलिमीटर मोकळी हालचाल. चक्कर मारली, गाडी छान. आणि गिऱ्हाईक संध्याकाळी पुन्हा दारात: रेस वाढते. तुम्ही बघता, काहीच होत नाही. तो म्हणतो होते, तुम्ही म्हणता होत नाही, आणि दोघंही खरं बोलत असता. कारण तुम्ही बघताय हँडल सरळ ठेवून, आणि त्याची रेस वाढते हँडल वळवल्यावर.

हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की उजवी मूठ पुढे जाते, उजवीकडे वळवलं की मागे येते. म्हणजे मूठ ते कार्बोरेटर हा केबलचा रस्ता दर वळणाला बदलतो, आणि त्यासाठी केबलला ढील लागते. केबल मूळ कडीतून न घालता हेडलाइटच्या वायरिंगच्या चुकीच्या बाजूने नेली, टायने वायरिंगला घट्ट बांधली, टाकीखाली दाबली गेली किंवा कव्हरचं टोक आपल्या खाचेत पूर्ण बसलं नाही, तर वळताना कव्हर ताणलं जातं आणि आतली तार ओढली जाते. मुठीला कोणी हात लावलेला नसतो, तरी पिस्टन वर उचलला जातो.

हे होतं कधी? गल्लीत यू टर्न घेताना, पार्किंगमधून गाडी काढताना. हँडल पूर्ण वळलेलं, वेग अगदी कमी, एक पाय जमिनीकडे, आणि तेवढ्यात गाडी स्वतःहून पुढे झेपावते. टाकीखाली केबल घट्ट दाबलेली असेल तर हँडल थोडं वळलं तरी पुरतं. असली गाडी घेऊन कोणी कुंभार्ली घाट उतरतंय, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

म्हणून रेसच्या केबलला हात लागलेली कुठलीही गाडी सोडण्याआधी हे करायचंच. टाकी बसवलेली, सीट बसवलेली, सगळे टाय बांधलेले. टाकी काढून केलेली तपासणी धरायची नाही, कारण दाबणारी बहुतेक वेळा टाकीच असते. मेन स्टँड, न्यूट्रल, इंजिन गरम, आयडलवर, म्हणजे मूठ न फिरवता नुसतं चालू. हँडल सावकाश डाव्या टोकाला न्या, मग उजव्या टोकाला. आवाज तसूभरही बदलता कामा नये. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर नसतो, तिथे कानच लागतो, शेजारचा ग्राइंडर बंद करायला सांगा. मग दोन्ही टोकांना मूठ फिरवून सोडा, दोन्हीकडे ती स्वतःहून मिटली पाहिजे. नवं हँडल, मोबाइल होल्डर, हँडगार्ड, हेडलाइटचं काम, यांपैकी काहीही झालं असेल तरी हीच तपासणी. केबल काढण्याआधी तिच्या रस्त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जुनी केबलच चुकीच्या रस्त्याने आलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवा. शंका आली तर तशाच दुसऱ्या गाडीशी ताडून बघा.

केबल निर्दोष निघाली तर मग कार्बोरेटर. पिस्टनला खाच असते आणि ती आतल्या खुंटीवर बसावी लागते. पिस्टन फिरवून घातला तर तो खाली उतरत नाही आणि किक मारल्यावर इंजिन किंचाळतं. त्यामुळे झाकण लावल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, पुन्हा एकदा टक् ऐका. पिस्टनवर ओरखडे असतील तर पॉलिश पेपरने घासत बसू नका, भाग बदला.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हा प्रदूषणाचा नियम आला आणि नव्या गाड्यांत जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन. तिथे कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी असते, आणि तिच्यात हवा अडवणाऱ्या पाकळीच्या कडेला काजळी धरते. इंजिन बंद ठेवून, कापडावर क्लीनर घेऊन पुसा. सेन्सर भिजवू नका आणि रंगाची खूण केलेला स्टॉप स्क्रू फिरवू नका. केटीएम 390 ड्यूकसारख्या गाड्यांना 2017 पासून रेसची केबल खाली इंजिनापर्यंत जातच नाही, मुठीची खबर सेन्सर देतो. तिथे स्कॅनर लागतो, तेल नाही.

दुसरी तक्रार, मूठ मिटते पण इंजिन उतरत नाही. इथे इनटेकच्या, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या, रबराला चीर आहे का, ओ रिंग गेली आहे का ते बघा. आयडलवर त्या सांध्यावर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला तर हवा तिथून आत जाते आहे. पेट्रोल शिंपडून बघणारे लोक मी पाहिले आहेत. गरम इंजिनावर पेट्रोल कधीही नाही, कोणीही सांगितलं तरी. आणि आयडलचा स्क्रू सैल करून वाढलेली रेस खाली आणणं म्हणजे बिघाड झाकणं. ती गाडी सकाळी थंडीत बंद पडते आणि गिऱ्हाईक चौकात किक मारत उभं राहतं.

गुरूबद्दल थोडं. जो मिस्त्री "असंच करायचं" एवढंच सांगतो त्याच्याकडे हात बसतो, डोकं नाही. जो "का" सांगतो त्याच्याकडे पगार थोडा कमी असला तरी थांबा. व्हिडिओ जरूर बघा, पण कंपनीची पुस्तिका उघडी ठेवून बघा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. आणि मुलींनो, "मिस्त्री कुठे आहेत?" असं विचारलं जाईलच. वाईट वाटतं, मला अजूनही वाटतं. पण या कामात जोरापेक्षा कान आणि बोटं लागतात, आणि ती तुमच्याकडे आहेत.

बाकीची देखभाल थोडक्यात. ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचं आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 (बाइकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो, कारण बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. चेनची ढील साधारण इंचभर, पण चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजा. क्लच लिव्हरला 10 ते 20 मिलिमीटर प्ले. एअर फिल्टर कागदी असेल तर धुवायचा नाही. वॉशिंगची प्रेशर गन मुठीच्या घरावर आणि केबलच्या तोंडावर मारू देऊ नका. कोकणातल्या पावसात निम्म्या केबल पाण्यानेच मरतात, उरलेलं पाणी वॉशिंगवाला घालतो.

पुरातल्या गाड्यांचं वेगळं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि पुन्हा कधी ना कधी लागतील. अशी गाडी आणणाऱ्याला आधी एवढंच सांगा की किक मारू नका, स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल दुधाळ झालं असेल तर काढून टाका, नवं भरून थोडं चालवून तेही बदला. आणि सगळ्या केबल बदलायला सांगा. आत गाळ गेलेली केबल धुऊन थोडे दिवस चालते, मग गंज चढून नेमकी रेस उघडी असताना अडकते. खर्च ऐकून माणूस कळवळतो, घरही बुडालेलं असतं त्याचं. बाकी कामाचे पैसे नंतर घ्या, पण रेस आणि ब्रेकची केबल बदलल्याशिवाय गाडी देऊ नका.

सुरुवातीला हे सगळं डोक्यात मावत नाही. मावेल. एका गाडीवर घाई न करता केलंत की पुढच्या गाडीवर हात आपोआप तिकडे जातो.

गाडी परत देताना प्रत्येकाला एक गोष्ट सांगाच: चालत्या गाडीत रेस अडकली तर क्लच दाबायचा, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद करायचा, दोन्ही ब्रेक लावायचे. किल स्विच नसेल तर चावी फक्त ऑफपर्यंत फिरवायची, हँडल लॉकपर्यंत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला हाताने दाबायचा क्लच नसतो, तिथे आधी ब्रेक आणि लगेच इंजिन बंद. इंजिन कितीही किंचाळलं तरी क्लच सोडायचा नाही.