कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन ओळी

धाकट्याच्या निळ्या स्वेटरला पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, एक भोक आहे. कसर लागलेली नाही, ते मीच विणलंय. ओळीच्या मधोमध होते आणि दूधवाल्याने बेल वाजवली. विणकाम दिवाणावर टाकून उठले, पैसे देऊन परत आले, सुया उचलल्या आणि आल्या वाटेनेच विणत सुटले. एक बाजू दोन ओळींनी उंच झाली आणि वळले त्या जागी भोक पडलं. लक्षात आलं तेव्हा वीसेक ओळी पुढे गेले होते, उसवायचा धीर होईना. पोरगं तेच घालून दोन हिवाळे शाळेत गेलं.

म्हणून सगळ्यात आधी हे शिकून घ्या. अर्ध्या ओळीवरून उठावं लागलं, तर परत आल्यावर गुंड्याकडून येणारा धागा बघा. तो ज्या सुईच्या टोकाजवळच्या टाक्यातून निघालाय, ती सुई उजव्या हातात. सगळे टाके एकाच सुईवर असतील तर ओळ पुरी झालीय, ती सुई डाव्या हातात. एवढं डोक्यात बसलं की दूधवाला, कुरिअर, गॅसवाला कुणीही येऊ दे.

आम्ही नाशिकला राहतो. नवरा शिफ्टमध्ये, मी एका पतसंस्थेत सकाळी दहा ते तीन, घरात सासूबाई आणि दोन मुलं. ‘वेळ मिळाला की विणते’ असं म्हणणारीची लोकर माळ्यावर जाते, माझीही चार वर्षं तिथेच होती. मग मी तासांचा हिशेब सोडला आणि ओळींचा धरला. डाळ-भाताचा कुकर गॅसवर चढवला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत माझ्या दोन ओळी होतात. थोरलीचा पाढा म्हणून होईपर्यंत एक. पोहण्याच्या तलावाबाहेरच्या बाकावर दहा-बारा.

नणंदेच्या बाळासाठी केलेल्या स्वेटरचा हिशेब सांगते. सहा महिन्यांच्या बाळाला छातीशी ५० सेंटिमीटरचा स्वेटर सैलसर बसतो, म्हणजे पाठीचा भाग २५ सेंटिमीटर. जरा जाडसर लोकर आणि ८ नंबरची सुई, म्हणजे ४ मिलिमीटर, घेतली की माझ्या हातचे १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी बसतात. म्हणून पाठीला ५५ टाके आणि २६ सेंटिमीटर उंचीसाठी साधारण ७३ ओळी. ५५ टाक्यांची ओळ मला तीन मिनिटांच्या आत होते. रोज सहा ओळी धरल्या तर पाठ बारा दिवसांत संपते, रविवारी काही नाही केलं तरी दोन आठवड्यांत. गणपती उठले की सुरू करायचं आणि थंडी पडायच्या आत बटणं लावायची, हे कागदावर मांडलं तेव्हा पहिल्यांदा जमेल असं वाटलं. तुमचा हात घट्ट असेल तर टाके जास्त बसतील, म्हणून आधी ३० टाक्यांची हातभर नाही, वीतभर पट्टी विणून मोजा. ती वाया जात नाही. माझ्याकडे अशा पंचवीस पट्ट्या साठल्यात, कधीतरी जोडून दुपटं करीन.

सुयांच्या नंबरात एक गोम आहे. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा मोठा तशी सुई बारीक: १४ नंबर २ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीनची. अमेरिकन नमुन्यात नेमकं उलट, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. नेटवरचा नमुना घेताना नंबर सोडा, मिलिमीटर बघा. मी न बघता टोपी केली होती. घरात कुणालाच झाली नाही.

आता खरी युक्ती. एका वेळी दोन कामं सुरू ठेवा, एक बिनडोक आणि एक डोक्याचं. बिनडोक म्हणजे मफलर किंवा दुपटं, प्रत्येक ओळ नुसती सुलट. ते कापडी पिशवीत, पिशवी मनगटाला, काम पालकसभेत आणि दवाखान्याच्या रांगेत. त्याला गोल सुई घ्या, दोन टोकांमध्ये वायर असते ती. लांब सुया शेजारणीच्या बरगडीत जातात आणि एक खाली पडली की बाकाखाली वाकून शोधत बसावं लागतं. डोक्याचं काम म्हणजे मुंढे, गळा, जाळी, वेणी. हे रात्री भांडी घासून ओटा पुसल्यावर, नाहीतर करूच नका. मी एकदा टाके मोजता मोजता थोरलीला गणित सांगत होते. गणितही चुकलं आणि गळाही.

डोक्याच्या कामात हात घालण्यापूर्वी रक्षादोर ओवते. रक्षादोर हा माझा शब्द, तुम्ही काहीही म्हणा. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा घ्यायचा आणि विणायच्या सुईवर असलेल्या प्रत्येक टाक्यातून तो पार काढायचा, दोन्ही बाजूंना वीतभर मोकळा सोडायचा. मग पुढचं विणायचं. जाळी बिघडली तर सुई काढून बिनधास्त उसवा, उसवणं त्या दोऱ्याशी येऊन थांबतं. टाके दोऱ्यावर सरळ उभे असतात, सुई परत घालायची की झालं. पाच मिनिटं जातात, पण एक अख्खी रात्र वाचते.

सुटलेला एखादा टाका मात्र उसवायचं कारण नाही. एक ओळ सुलट, एक उलट असं विणकाम असेल तर सुलट बाजू आपल्याकडे करा. सुटलेला टाका खाली फासासारखा दिसेल आणि त्याच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे. क्रोशाची सुई पुढून त्या फासात घाला, सगळ्यात खालची पायरी आकड्यात पकडा, फासातून ओढून घ्या. नवा फास तयार. मग त्याच्या वरची पायरी. असं चढत जाऊन शेवटचा फास डाव्या सुईवर ठेवा. पहिल्यांदा केलंत की लहान मुलासारखा आनंद होतो, मी तर सासूबाईंना हाक मारून दाखवलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघून ‘बरं’ म्हटलं.

नवीन शिकण्याचं म्हणाल तर एका वस्तूत एकच नवी गोष्ट. मफलरमध्ये फक्त सुलट. टोपीत एक सुलट एक उलटची पट्टी आणि डोक्याशी दोन टाके एकत्र घेऊन कमी करणं. टोपी झाली की मोजे, मग बिनबाह्यांचा स्वेटर. थेट वेणीच्या स्वेटरला हात घालणाऱ्या तिघी मला माहीत आहेत, तिघींच्या वेण्या अजून अर्ध्याच आहेत. शिकताना लोकर फिकट रंगाची घ्या. ट्यूबलाइटखाली काळ्या लोकरीतला टाका तरण्या डोळ्यांनाही दिसत नाही. सगळे गुंडे एकदम घ्या आणि गुंड्यावरच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर, म्हणजे रंगाच्या घाण्याचा नंबर, जुळवून बघा, मागून आणलेल्या पांढऱ्यातही फरक पडतो आणि तो नेमका छातीवर दिसतो.

बाळाच्या मोज्यांबद्दल एकच, पण नीट ऐका. आतली धाग्यांची टोकं विणीत ओवून कापा, सैल सोडू नका, बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला जातो. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीच ठेवायच्या नाहीत.

घरच्यांना कामाला लावा. लड सोडवून गुंडा करायला दोन हात पसरलेलं माणूस लागतं, नवऱ्याला बातम्या बघता बघता ते जमतं. धाकट्याला दिवाळीच्या सुट्टीत बांबूच्या सुयांवर २० टाके घालून दिले. संध्याकाळपर्यंत २७ झाले. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाचं होतं: ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे नेला की पहिला टाका ताणून दोन टाक्यांसारखा दिसतो आणि मूल दोन्ही विणतं. धागा सुईच्या खालून मागे घ्यायचा. हे मी त्याला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे गं, रुंद होतंय तर होऊ दे.’ सध्या ते त्रिकोणी प्रकरण त्यांच्या गुडघ्यांवर असतं आणि दर शनिवारी चार ओळींनी वाढतं.